विहीणबाईंचं गड्डे

पाच आठवडे म्हैसूरला राहून आले आणि राजवाडा पाहिला नाही, असं सांगितलं की आमच्या कराडच्या बायका माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघतात. एकीनं तर तोंडावरच विचारलं, "मग केलंस काय एवढे दिवस?" त्याचं उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देता येण्यासारखं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी कृषी खात्यातून निवृत्त झालेली बाई. आयुष्यभर शेतकऱ्यांना सल्ले देत फिरले, त्यामुळे कुणी विचारो न विचारो, सल्ला देण्याची जित्याची खोड लागली आहे. माझी मुलगी मुग्धा नोकरीसाठी म्हैसूरला गेली आणि तिथल्याच किरणशी तिनं लग्न केलं. किरणचं घराणं मराठीच, पण कित्येक पिढ्यांपूर्वी म्हैसूरच्या फौजेत शिपाई म्हणून गेलेलं आणि तिथंच मुरलेलं. आडनाव मराठी, देवघरातले देव मराठी. भाषा मात्र निम्मी कन्नड. किरणचे वडील आता नाहीत. आई रत्नाबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, म्हैसुरातच, चामराजपुरम भागातल्या घरात एकट्या राहतात. वय सत्तावन्न, माझ्याहून चार वर्षांनी लहान.

आमचं दोघींचं जमलं ते झाडांवरून. त्यांच्या घरामागं छोटं परस आहे. मी इकडून बी-बियाणं पाठवायची, त्या फोनवर प्रगती कळवायच्या. नवरात्र सरल्यावर एकदा त्यांचा असाच फोन आला.

"विहीणबाई, एक गड्डे आलंय," त्या म्हणाल्या.

गड्डा म्हटलं की माझ्या कानाला सुरण, नवलकोल, फार तर कोबी ऐकू येतो. सुरण तर मीच पाठवला होता. मी विचारलं, "कुठं आलंय?"

"डाव्या अंगाला."

"केवढं आहे?"

"लिंबाएवढं."

"एवढंच? मग अजिबात घाई करू नका. वाढू द्या. चांगलं मोठं झालं की मग कापा."

मग त्या म्हणाल्या, "आयतु. तुम्ही आफीसर, तुम्हाला ठाऊक." आणि फोन ठेवला. 'आयतु' म्हणजे झालं, ठरलं. मीही खूश झाले, आपला सल्ला कुणीतरी ऐकतंय म्हणून.

कुवेंपुनगर

मिरजेहून गाडीत बसले आणि म्हैसूरला उतरले, मधलं सांगण्यासारखं काही नाही. संक्रांतीला आठवडा होता. मुग्धाचं घर कुवेंपुनगरात, दुसऱ्या मजल्यावर. गॅलरीतून खाली बघितलं की सकाळी सगळ्या गल्लीत दुचाक्याच दुचाक्या. बायका डोक्याला हेल्मेट आणि हेल्मेटखालून लोंबणारा मोगऱ्याचा गजरा अशा थाटात कामावर निघतात. मला हे फार आवडलं. आमच्याकडे गजरा म्हणजे लग्नकार्य. इथं गजरा म्हणजे मंगळवार किंवा बुधवार, काहीही.

तसंच रांगोळीचं. आपण सणावाराला काढतो, इथं प्रत्येक दारात रोज नवी. कॉफी तर एवढ्याशा स्टीलच्या पेल्यात देतात, तेवढ्यात आपलं काय होणार असं वाटतं, आणि ती पोटात गेली की दुपारपर्यंत चहाची आठवण येत नाही. दिवस पावट्याचे होते. गल्लीतल्या घराघरांत पावटे भिजवून, एकेक दाणा चिमटीत दाबून, साल उडवून आतली डाळ काढण्याचा उद्योग चाललेला. मुग्धासुद्धा लॅपटॉपवर मीटिंग चालू ठेवून खाली हातानं पावटे सोलत होती. कराडला असताना या पोरीनं मटार सोलायलाही नकार दिला होता.

"तुझ्या सासूबाई कशा आहेत?" मी विचारलं.

"बऱ्या आहेत. हल्ली जरा गप्प असतात. तुझी वाट बघतायत. म्हणतात, विहीणबाई आल्या की त्यांना एक विचारायचंय."

मला वाटलं, खतांबद्दल असेल.

चामराजपुरम

दुसऱ्या दिवशी मुग्धानं मला स्कूटरवरून चामराजपुरमला सोडलं आणि ती कामावर गेली. किरण आठवडाभर बेंगळुरूला असतो, शनिवारी येतो. त्यामुळे जेवायला आम्ही दोघीच.

रत्नाबाई म्हणजे उंच, सडसडीत, कपाळावर, नवरा गेल्यावरही तसंच ठेवलेलं, रुपयाएवढं कुंकू. त्यांनी माझ्यासाठी नाचणीची मुद्दे केली होती. मुद्दे म्हणजे उकडलेल्या नाचणीच्या पिठाचा चांगला चेंडूएवढा गोळा. सोबत पावट्याचं तिखट सारू. मी घास घेऊन चावायला लागले तर त्या हसल्या. "चावायचं नाही हो. सारूत बुडवायचं नि गिळायचं. चावलं तर दातालाच बसतंय."

मी गिळत गिळत अर्धा गोळा संपवला. त्यांनी दुसरा पुढं केला. मुग्धानं मला दोन शब्द शिकवून पाठवलं होतं, एक 'हवं'साठी आणि एक 'पुरे'साठी. मी मोठ्या ऐटीत हात आडवा धरून म्हणाले, "बेकू, बेकू!" दुसरा गोळा ताटात पडला. पुरे म्हणजे साकू, बेकू म्हणजे हवं, हे मला तो गोळा गिळून झाल्यावर कळलं.

जेवणं झाली. त्यांनी हात धुतले, मागचं दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही बोल्ला तसं वाढू दिलं मी," त्या हळूच म्हणाल्या. "आता कापायचं नव्हं?"

"हो, चला की, दाखवा," म्हणत मी परसाच्या दाराकडे वळले. त्यांनी माझं मनगट धरलं, मला थांबवलं, आणि माझा हात पदराखालून आपल्या डाव्या छातीवर ठेवला.

माझ्या तळहाताखाली गोल, टणक गाठ होती. लिंबापेक्षा मोठी.

मग तोंडातून निघालं ते एवढंच: "मी सुरण समजले."

"काय?"

"सुरण हो. परसातला. तुम्ही गड्डे म्हणालात, मला सुरणाचा गड्डा वाटला. तो वाढू द्या म्हणाले मी."

मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि त्या हसायलाच लागल्या. ओट्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अय्यो देवा! आणि मी रोज न्हाताना हात लावून बघायची, अजून मोठं का झालं नाही म्हणून!"

मीही हसले, आणि हसता हसता रडायला लागले. त्यांच्या कन्नडात बटाटाही गड्डेच आणि अंगात आलेली गाठही गड्डेच, हे मला मुग्धानं नंतर सांगितलं. त्यांना गाठ हा शब्द आठवला नव्हता आणि छाती हा शब्द फोनवर काढायची लाज वाटली होती. मला मात्र समोरच्याचं नीट ऐकून घ्यायची सवय नव्हती. तिथं अडीच महिने गेले.

हसणं थांबलं तशा त्या खाली बसल्या. "माझी आई असंच गड्डे होऊन गेली. कुणाला दाखवलंच नाही तिनं. म्हणून तर तुम्हाला विचारलं. मुलाला कसं सांगू हे?"

मी फोन हातात घेतला. "बेडा, बेडा," त्या हात हलवायला लागल्या. "किरणला नको. सुम्ने घाबरंल." सुम्ने म्हणजे उगाच.

"किरणला नाही, मुग्धाला लावतेय," मी म्हणाले. "माझं ऐकून अडीच महिने घालवलेत. आता आणखी एकदा ऐका."

विजयनगर

मुग्धानं तासाभरात म्हैसूरच्याच विजयनगर भागातल्या एका तपासणी केंद्राची वेळ ठरवली. तिच्या ऑफिसातली एक मैत्रीण तिथं जाऊन आली होती. "तिथल्या डॉक्टर सोनोग्राफी स्वतः करतात," मुग्धा म्हणाली, "आणि त्यांच्याकडे एआयचा प्रोग्रॅम आहे. तो चित्रं बघून संशय आला तर दाखवतो."

"म्हणजे कॉम्प्युटर ठरवणार?" मला ते पटेना. इतकी वर्षं मी पिकांवरचे रोग डोळ्यांनी ओळखले. फोटोवरून रोग सांगणारी मोबाइल ॲपं खात्यात आली तेव्हा मी त्यांना करपा रोगाचा फोटो दाखवून तांबेरा हा भलताच रोग वदवून घेतला होता.

"डॉक्टरच ठरवणार आई. तू फक्त तिथं गप्प बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी ऑटोनं गेलो. आधी मॅमोग्राफी झाली. तिच्यात सगळं दाट, धुक्यासारखं दिसतंय, नीट कळत नाही, असं सांगून त्यांनी आम्हाला सोनोग्राफीच्या खोलीत पाठवलं. रत्नाबाईंनी माझा हात सोडला नाही, म्हणून मलाही आत घेतलं. मुग्धा बाहेर बसली.

डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील. केसांत मोगरा, पायांत कापडी बूट. रत्नाबाईंशी कन्नडात, माझ्याशी हिंदीत बोलत होत्या. त्यांचं बोलणं मी माझ्या मराठीत देते. त्यांनी गार जेल लावलं, हातातलं यंत्र छातीवरून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. पडद्यावर करड्या रंगाचे थर दिसायला लागले. मला एकदम विहिरीच्या कडेला दिसतो तसा जमिनीचा उभा छेद आठवला. वर माती, खाली मुरूम, मग कातळ. मधेच एक गोल काळी पोकळी आली.

"हे तुमचं गड्डे," डॉक्टर म्हणाल्या. "आत नुसतं पाणी आहे. हे साधं आहे अम्मा, हेदरबेडी."

घाबरू नका, एवढं मलाही कळलं. रत्नाबाईंनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मी स्टुलावर बसले. डॉक्टरांनी बाकीची दोन्ही बाजूंची तपासणी पुरी केली, चित्रं घेतली. मग एका छोट्या कार्डावर दोन ओळी लिहिल्या आणि कार्ड टेबलावर पालथं ठेवलं.

मला राहवेना. "हे काय?"

"माझं मत. आधी मी माझं लिहिते, मग प्रोग्रॅमचं उघडते. त्याचं आधी बघितलं तर माझे डोळे त्याच्याच मागं जातात. मग दोघांनी बघून काय उपयोग?"

मुग्धानं गप्प बस म्हणून बजावलं नसतं तर मी त्यांना तिथंच शाबासकी दिली असती. आमच्या खात्यात साहेबांचा शेरा आधी वाचून मग पाहणीला जाणारे किती तरी पाहिलेत.

त्यांनी बटण दाबलं. चित्रं भराभर सरकली. मोठ्या गाठीभोवती हिरवी, म्हणजे काळजी नसल्याची, चौकट आली. रत्नाबाई उठून ब्लाउजची हुकं लावायला लागल्या होत्या. एवढ्यात एका चित्रावर, काखेच्या बाजूला, एक एवढीशी पिवळी चौकट आली.

डॉक्टर पुढं वाकल्या. कार्ड उलटून बघितलं. परत पडद्याकडे बघितलं. "मलगी अम्मा, ओंदु निमिषा," त्या म्हणाल्या. झोपा, एक मिनिट.

त्यांनी परत जेल लावलं. या वेळी बराच वेळ एकाच जागी, आडवं, उभं, दाबून, सोडून बघत राहिल्या. शेवटी त्यांनी पडद्यावर दोन टिंबं ठेवून माप घेतलं. सात मिलिमीटर. तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी, कडा जराशा खडबडीत.

"हे मी चरबीचा कण समजून पुढं गेले होते," डॉक्टर म्हणाल्या. अगदी सरळ सांगितलं, आडपडदा नाही. "मला आता ते तसं वाटत नाही. सुईनं तुकडा काढून तपासावा लागेल."

"म्हणजे हा कॉम्प्युटर तुमच्यापेक्षा हुशार?" मी विचारलं.

"तो चुकतोही. परवा एका बाईच्या बरगडीच्या सावलीला चौकट घातली, मी ती खोडली. पण त्यानं बोट दाखवलं की मी परत बघते. परत बघायला काय जातं?"

रत्नाबाई आढ्याकडे बघत पडून होत्या. त्या मराठीत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हणजे मोठं ते सुम्ने. बारकं तेच खरं."

एळ्ळु-बेल्ल

पुढच्या दिवशी तुकडा काढला, मोठ्या गाठीतलं पाणीही काढून टाकलं. निकाल यायला आठवडा लागणार होता. मधे संक्रांत आली.

आपण तिळाचे लाडू वळतो. तिथं तीळ आणि दाणे भाजून, गूळ आणि सुकं खोबरं बारीक चिरून, सगळं सुटंच मिसळतात. त्याला एळ्ळु-बेल्ल म्हणतात. सोबत साखरेची साच्यातली चित्रं आणि उसाचं कांडं. ताट सजवायचं आणि घरोघरी जाऊन द्यायचं. मी म्हणाले, या वर्षी राहू दे. रत्नाबाईंनी ऐकलं नाही. खोबरं चिरताना त्यांचा हात एकसारखा चालत होता आणि तुकडे सगळे एका मापाचे पडत होते. माझे लहानमोठे झाले ते त्यांनी परत चिरले.

संध्याकाळी त्या नवी साडी नेसून निघाल्या, मी ताट धरून मागं. प्रत्येक घरी त्या माझी ओळख करून द्यायच्या, "माझ्या विहीणबाई, आफीसर." बायका आदरानं बघायच्या. मला त्या शब्दाची इतकी शरम वाटली की चौथ्या घरापासून मी उंबऱ्याबाहेरच थांबायला लागले. त्यांना कुणाच्याच घरी काही सांगायचं नव्हतं. समोरच्या सरोजम्मांनी, "रत्ना, वाळलीस गं," असं कन्नडात म्हटलं, तर त्या उसाचं कांडं त्यांच्या हातात ठेवून हसल्या.

किरणला मात्र सांगावं लागलं. तो बेंगळुरूहून आला, आईसमोर जमिनीवर बसला. "मला का नाही सांगितलंस?" एवढंच तो तीन-तीनदा विचारत होता.

"तू मुलगा," त्या म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीनं ते पुरेसं उत्तर होतं. मग त्यांनी त्याला माझा आणि सुरणाचा किस्सा सांगितला. मी तिथून उठणार होते. पण किरण माझ्याकडे वळून म्हणाला, "अत्ते, तुम्ही निदान वाढू द्या तरी म्हणालात. मी तर दोन महिने दर शनिवारी तिच्यासमोर बसून जेवलो, मला काहीच दिसलं नाही." कन्नडात अत्ते म्हणजे आत्याही आणि सासूही. त्या पोराचे उपकार मी कधी विसरणार नाही.

सकाळी मी आणि मुग्धा कुक्करहळ्ळी तळ्याभोवती फिरायला जायचो. पाण्यावर बगळे, कडेला धापा टाकत पळणारी माणसं. एके दिवशी मी विचारलंच, "अडीच महिन्यांत असलं किती वाढतं गं?"

"आई, मला माहीत नाही," मुग्धा म्हणाली. तिनं खोटा धीर दिला नाही, माझा दंड धरून चालत राहिली.

निकाल

कॅन्सर होता. डॉक्टरबाईंनी आम्हा चौघांना समोर बसवून सांगितलं. लहान आहे, लवकर सापडलं आहे, तेवढाच भाग काढता येईल, छाती राहील, मग रेडिएशन आणि गोळ्या. काखेत सगळ्यांनाच ज्या गाठी असतात त्यांत पसरलं आहे का, ते मात्र ऑपरेशननंतरच कळेल.

रत्नाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिवरात्रीपर्यंत घरचं काम करता येईल?" डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक येईल.

सगळे उठले तेव्हा मी मागं थांबले. डॉक्टरांना सगळं सांगितलं. गड्डे, सुरण, वाढू द्या. आणि विचारलं, माझ्यामुळे उशीर झाला का?

त्या हसल्या नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या, "खरं सांगू? मला माहीत नाही. ज्या गाठीला तुम्ही वाढू द्या म्हणालात ती पाण्याची होती. ही बारकी तेव्हा दिसली असती की नाही, कुणी सांगू शकणार नाही. काखेच्या गाठींचा निकाल येऊ दे."

ऑपरेशन शहरातल्या मोठ्या इस्पितळात झालं. मी तीन दिवस तिथं त्यांच्याजवळ राहिले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी किरणला विचारलं, मग कॉफी मागितली. कॉफी मिळणार नाही म्हटल्यावर नर्सवर रागावल्या. तेव्हा माझ्या जिवात जीव आला. दुपारी पडल्या पडल्या त्या मला कन्नड शिकवायच्या आणि मी त्यांना मराठी. त्यांना मराठीत वेदना, टाके, जखम असले शब्द येत नव्हते. "आमच्या घरात हे बोलतच नव्हते ना," त्या म्हणाल्या, "मग शब्द कुठनं येणार?" ते वाक्य माझ्या मनात फार दिवस राहिलं.

पुढं दहाएक दिवसांनी अहवाल आला. काखेतल्या गाठी स्वच्छ होत्या. सर्जनसाहेबांनी तो कागद किरणच्या हातात दिला आणि मी, एकसष्ट वर्षांची सरकारी बाई, त्यांच्या खोलीत हुंदके देऊन रडले. रत्नाबाईंनीच मला पाणी दिलं.

परत विजयनगर

टाके निघाल्यावर रत्नाबाईंनी हट्ट धरला, डॉक्टरबाईंना भेटायचं. सोबत नंजनगूडच्या केळ्यांची फणी आणि मोगऱ्याचा हार. डॉक्टरांनी त्याच खोलीत बसवलं. केळी घेतली, हार टेबलावर ठेवला. हार त्यांच्यासाठी नाही, असं रत्नाबाईंनी सांगितलं. तो कॉम्प्युटरसाठी होता.

डॉक्टर हसल्या. "त्याला काय कळतंय अम्मा? तो शिकलाय तो बायकांच्या चित्रांवरून. किती तरी बायका अशाच इथं, दुसऱ्या गावांत, दुसऱ्या देशांत येऊन झोपल्या. कुणाच्या गाठी साध्या निघाल्या, कुणाच्या नाहीत. त्यांची चित्रं दाखवून दाखवून त्याला शिकवलं."

"त्या बायकांची नावं?"

"नावं नसतात. काढून टाकतात."

रत्नाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑपरेशनच्या वेळीही आलं नव्हतं. "काही वाचल्या नसतील ना त्यातल्या?" त्यांनी विचारलं.

"काही नसतील."

"मग मी नमस्कार कुणाला करू?"

रत्नाबाईंनी मोगऱ्याचा हार हातात घेतला, त्या उठल्या आणि ज्या टेबलावर बायका झोपतात त्या टेबलाच्या उशाशी तो ठेवला. मग विचारलं, "माझी चित्रं पण घालता येतील? शिकवायला?"

डॉक्टरांनी खणातून एक फॉर्म काढला. तिथं येणाऱ्या बाईची इच्छा असेल तर तिची चित्रं प्रोग्रॅम सुधारणाऱ्यांकडे पाठवतात, नाव, पत्ता, सगळं काढून. रत्नाबाईंनी चष्मा लावून सगळा फॉर्म वाचला आणि कन्नडात, मोठ्या अक्षरांत, सावकाश सही केली.

"नाव काढायचंच का?" त्यांनी विचारलं.

"नियम आहे अम्मा. तुमच्याच भल्यासाठी."

"बरं," त्या म्हणाल्या. "तुमच्या कंप्युटरातनं काढा. आमच्या गल्लीत मी नावानिशी सांगणार."

निघताना डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, तुमची तपासणी कधी झाली? कधीच नाही, असं मला सांगावं लागलं. रत्नाबाईंनी माझी पर्स काढून घेतली आणि मला त्याच टेबलाकडे ढकललं. आधी मॅमोग्राफी, मग सोनोग्राफी, दोन्ही करून घेतल्या. चौकट एकही आली नाही.

त्याच संध्याकाळपासून त्यांनी सांगायला सुरुवात केली. दूधवालीला सांगितलं, फुलवालीला सांगितलं, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ओळीनं बसवून सांगितलं. आधी कुजबुजत, मग कुजबुज त्यांनाच आवडेना म्हणून नेहमीच्या आवाजात. सरोजम्मा सगळं ऐकून उठून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकट्याच परत आल्या. त्या दोघी मागच्या दाराशी बराच वेळ बोलत होत्या. मला त्यातलं कन्नड फारसं कळलं नाही, आणि कळून घ्यायचा मी प्रयत्नही केला नाही.

रेडिएशन सुरू व्हायला दोन आठवडे होते. मुग्धा म्हणाली, आता तू जा, आम्ही आहोत. आज हे लिहितेय तेव्हा तेही पार पडलंय, आणि किरण बेंगळुरूची नोकरी बदलून म्हैसूरला आलाय. या सगळ्यासाठी मी कुणाकुणाची ऋणी आहे, याची यादी करायला बसले तर त्यात बिननावाच्याच बायका जास्त निघतील.

माझी गाडी सकाळची होती. स्टेशनवर मुग्धा आली, किरण आला, डब्यात चार दिवस पुरतील एवढ्या चकल्या आल्या. रत्नाबाई आल्या नाहीत. सरोजम्मांना घेऊन त्या विजयनगरला गेल्या होत्या.